सीट रिकामी नाही

७ एप्रिल

पोहोचलो एकदाचा. भूमहून एसटीनं ईट गावी उतरलो आणि तिथून दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनांच्या मधे बसून, वर माळावर. टेम्पोवाल्यानं माझ्या हत्यारांच्या पेटीकडं बघून विचारलं, मिस्त्री का? म्हटलं, हो, मिस्त्रीच. क्रशरचा? हो, क्रशरचा. त्यावर त्यानं पेटीकडं परत एकदा बघितलं, पण मी मजेत होतो. चाकणच्या वर्कशॉपात दिवसभर पत्र्याखाली राहून कान किटले होते. इथं उघडा माळ, पलीकडं पवनचक्क्यांची रांग, आणि आवाज फक्त वाऱ्याचा.

खडी क्रशर पावसाळ्यापासून बंद आहे. मालक अमरसिंह बार्शीला राहतात. अक्षय तृतीयेनंतर त्यांना काम सुरू करायचंय, त्याआधी सगळ्या मशिनी तयार हव्यात. राहायला खोली, खाट, खिडकीतून सगळं यार्ड दिसतं. राखणदार सिद्रामप्पा साठीच्या पुढचा माणूस. माझं नाव शंभुलिंग, गाव उमरग्याकडचं, हे कळल्यावर त्यांनी हात जोडून आमच्या लिंगायतांचा नमस्कार, 'शरणार्थी' म्हटलं आणि एकदम कानडीत विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, असं मला या भाषेत विचारणारी आई होती. ती गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. मग जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कांदा.

इथं बरं वाटेल असं वाटतंय. बोलायला कुणी नसेल म्हणून दुकानातून ही डायरी घेतलीय. रोज थोडं लिहीन.

८ एप्रिल

जनरेटर आणि मोठा लोडर यांना फारसं काही झालेलं नाही. अडलाय तो छोटा लोडर. पट्ट्याखालच्या बोळात मोठी मशीन शिरत नाही, तिथली कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, याच लोडरनं ओढायची. म्हणजे हा चालला नाही तर क्रशर चालणार नाही.

याची सुरक्षा साधी असते. सीटखाली एक स्विच. माणूस बसला की तो दाबला जातो आणि समोर माणसाच्या चित्राचा हिरवा दिवा लागतो. मग छातीपुढचा आडवा दांडा खाली घ्यायचा, तिथं दुसरा स्विच. दोन्ही जुळले तरच बूम उचलते आणि चाकं सुटतात. माणूस उठला की सगळं जागच्या जागी थांबतं. बूम म्हणजे बकेट धरणारे पुढचे दोन लोखंडी हात, दारासमोरूनच वरखाली होतात, म्हणून ही एवढी काळजी.

बिघाड असा: चावी फिरवली की सीटचा दिवा लागतो. कुणी बसलेलं नसताना. मशीनला वाटतं आत आधीच माणूस आहे. मग मी बसलो तरी ती मला धरत नाही, सगळं कुलूपबंद. सीटचा स्विच चिकटला असणार. कच बसते त्यात. उद्या संध्याकाळपर्यंत काम होईल.

९ एप्रिल

नवीन स्विच घातला. दिवा तसाच.

दुपारी एक बाई आली. चाळिशीची असेल, डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मला वाटलं माझ्यासाठी. पण ती सरळ लोडरकडं गेली, पायरीवर भाकरी ठेवली, बाजूला तांब्या ठेवला आणि सावलीला बसून राहिली. मी सीट काढून ठेवली होती, ती बघून तिचा चेहरा पडला. तिनं विचारलं, सीट परत बसवणार ना? म्हटलं, बसवणार की. मग तिनं भाकरी उचलून मला दिली. म्हणाली, आज तुम्हीच खावा.

सिद्रामप्पांना विचारलं तर म्हणाले, गौराबाई. धुळाप्पाची बायको. कोण धुळाप्पा, असं विचारायच्या आत ते मोटर बंद करायला गेले.

११ एप्रिल

काल आणि आज वायरी. सीटपासून पॅनलपर्यंतची सगळी वायर बदलली, कारण कुठं तरी इन्सुलेशन घासून वायर बॉडीला टेकली की असा खोटा दिवा लागतो. प्लग हिरवे पडले होते, घासून काढले. वायर तपासताना दुसऱ्या स्विचच्या, दांड्याच्या स्विचच्या प्लगमधे तांब्याचा छोटा तुकडा सापडला. कुणीतरी मुद्दाम खोचलेला. म्हणजे दांडा वर असला तरी मशीनला तो खाली आहे असं वाटणार. काढून टाकला.

शेवटी सीटचा प्लग पूर्ण सोडवून हातात धरला. आता मशीनला सीट आहे हेच कळायला नको. चावी फिरवली.

दिवा लागला.

मोठ्यानं हसलो. ऐकायला कुणी नव्हतं, मग हसू आपोआप थांबलं.

१२ एप्रिल

तांब्याचा तुकडा सिद्रामप्पांपुढं ठेवला तेव्हा त्यांनी सांगितलं. सारखं सारखं दांडा वरखाली करण्यात वेळ जातो म्हणून मालकांनी आधीच्या मिस्त्रीकडून तसं करून घेतलं होतं. धुळाप्पा लोडर चालवायचा. बूम वर, दांडा वर, आणि बकेटमधे अडकलेला दगड काढायला तो सीटवरूनच दारातून पुढं वाकला. पाय पेडलला लागला. बूम खाली आली. "आवाज बी न्हाय आला," सिद्रामप्पा म्हणाले. "मला वाटलं वाकून कायतरी बघतुय."

धुळाप्पा लई इमानी माणूस होता म्हणे. बदलीचा माणूस आल्याशिवाय कधी सीट सोडली नाही. जेवायलासुद्धा नाही. गौराबाई भाकरी आणायची ती सीटवरच खायचा. त्या दिवशी बदलीचा माणूस आला नव्हता.

टाकीजवळ रेंज येते, तिथं जाऊन मालकांना फोन केला. बिघाड सापडत नाही म्हटलं. ते म्हणाले, सापडत नसेल तर दोन्ही स्विचच्या वायरी जोडून टाका आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, ते माझ्याकडून होणार नाही, उद्या यावर बसणारा मरेल. त्यांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं.

१४ एप्रिल

प्लग सोडवूनही दिवा लागतो म्हणजे बिघाड पॅनलमधे, मोठ्या दुकानातून नवं मागवायला हवं. तोवर मशीन बंदच ठेवावी असं ठरवलं होतं.

पण आज भर दुपारी, उन्हानं सगळं यार्ड पांढरं झालेलं असताना, खिडकीतून बघत होतो. सीट परवा परत बसवली होती आणि तिच्यावर साचलेला कचेचा थर पुसला नव्हता. त्या थरात दोन खळगे होते. मांड्यांचे. वारा असे खळगे करत नाही.

जवळ गेलो. सीटला हात लावला. ऊन आहे, रेक्झिन तापणारच, हे मला कळतं. पण ती फक्त मधोमध तापली होती. कडेला गार.

सिद्रामप्पांनी संध्याकाळी विचारलं, "ऊटा आतेन्री?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१५ एप्रिल

गौराबाई आज माझ्याजवळ येऊन बसली. मी खोलीच्या पायरीवर, ती खाली. मग सांगू लागली. ती अजून मजुरांच्या खोलीतच राहते. नळदुर्गाकडं माहेर आहे, भाऊ न्यायला आला होता, पण गेली नाही. ह्यांना इथं बसवून कशी जाऊ, म्हणाली.

मी म्हटलं, गौराबाई, तो वायरीचा बिघाड आहे.

तिनं मान हलवली. म्हणाली, "वायर व्हय. तुमी शिकलेले, तुमाला वायर दिसती." मग पदराच्या टोकाला गाठ मारत म्हणाली, "म्या रोज भाकर ठेवते. खात न्हायत. हात मोकळा न्हाय त्यांचा. बदलीवाला आल्याबिगर ते सीट सोडायचे न्हायत. तुमी घटकाभर बसा, दादा. दोन घास खातील, पाय मोकळं करतील. एवढंच."

नऊ महिने ही बाई या माळावर एकटी भाकरी घेऊन येते. मला वाटलं, बसल्यानं माझं काय जातं? तिचं समाधान होईल, कदाचित घरी जाईल. आणि खरं सांगायचं तर, दादा म्हणून कुणी काही मागितलं याचंच मला फार वाटलं.

उद्या बसतो म्हटलं.

१६ एप्रिल

दुपारी बसलो. दार उघडं ठेवलं, दांडा खाली घेतला, चावी फिरवली. सीटचा दिवा आधीच लागलेला. गौराबाई पायरीशी उभी, हातात भाकरी. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होती. म्हणाली, "उतरा आता. बदलीवाले आलेत."

दिवा विझला. मग परत लागला.

एवढंच झालं. पण त्या दोन्हींच्या मधे माझ्या अंगावरून कुणीतरी उठलं. भरलेल्या एसटीत शेजारचा उठतो, तसा दाब सुटला, आणि पायरीवर कच करकरली. गौराबाईनं तोंडाला पदर लावला. ती वळली आणि कुणाच्या तरी बरोबरीनं, जरा मागं राहून, सावलीकडं चालू लागली. भाकरी तिच्या हातात नव्हती.

मी उतरलो. दिवा विझला. बसलो, लागला. बूम उचलली, खाली घेतली, चाकं सुटली. बिघाड गेला.

मालकांना कळवलं. खूश झाले.

१७ एप्रिल

दिवसभर लोडर चालवून बघितला. एकदाही अडला नाही. गौराबाई आली नाही. तिच्या खोलीला बाहेरून कडी.

सिद्रामप्पा बाजाराला ईटला गेले होते. आल्यावर म्हणाले, गौराबाई स्टँडवर दिसली, हिरवं लुगडं नेसून. रसाच्या गाड्यावर बसली होती. पुढ्यात दोन गिलास. एक पीत होती आणि समोर कुणी नसताना हसून बोलत होती. "येडी झाली बिचारी," म्हणाले.

मला आनंद झाला. मग आनंद झाला याची भीती वाटली.

चहाला सिद्रामप्पांनी एकच कप आणला. मी बघत राहिलो तेव्हा दचकले. अरे, तुमी हाय व्हय, म्हणाले. वय झालं.

१८ एप्रिल

लोडर चालू होत नाही. आता उलटं झालंय. मी बसतो, दिवा लागत नाही.

स्विच नवा आहे. स्प्रिंग ठीक. खडीचं पोतं भरून सीटवर ठेवलं, दिवा लागला. पोतं काढलं, विझला. मी बसलो. नाही. पोत्यापेक्षा मी दुप्पट भरेन. सीटवर उड्या मारल्या. नाही. हातानं स्विच दाबला, बोटानं, स्विच खाली जाताना दिसतोय, टक् असा आवाज येतोय. दिवा नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं दाबला. लागला.

बिघाड स्विचमधे नाही.

मालकांना फोन लावला. हॅलो हॅलो करत राहिले. मी ओरडून ओरडून बोललो. कुणीच बोलत नाही, असं तिथं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं आणि ठेवला. रेंज पूर्ण होती.

२० एप्रिल

सिद्रामप्पांचं कुत्रं माझ्या पायाशी झोपायचं. आज माझ्या पायावरून चालत गेलं. पायावरून, दगडावरून जावं तसं.

सिद्रामप्पांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. कानडीत बोललो. त्यांनी डोळे बारीक केले, लांबून काही ऐकू यावं तसे. मग पवनचक्कीकडं बघितलं आणि परत तंबाखू मळू लागले.

काल दिवसभर जेवलो नाही. भूक नाही. आधी बरं वाटलं, स्वयंपाक वाचला म्हणून.

इथून निघायचं. पेटी भरली. गेटपर्यंत गेलो. दुधाचा टेम्पो आला, हात केला, तो थांबला नाही. दुसऱ्यांदा रस्त्याच्या मधे उभा राहिलो. त्यानं ब्रेकला पायही लावला नाही. मीच उडी मारली.

चालत निघालो. उतार लागतो तिथंवर गेलो आणि पाय जड झाले. पुढं जाववेना. अंग ओढत नव्हतं, मनच ओढत होतं. सारखं वाटत होतं, मशीन तशीच सोडून आलो. बदलीवाला आलेला नाही.

परत आलो.

२१ एप्रिल

वायर जोडली. मी. ज्यासाठी मालकाशी भांडलो तेच. सीटच्या दोन्ही वायरी सोलल्या आणि पिळून टाकल्या, कारण मला तो दिवा बघायचा होता. बसलेला असताना. एकदा तरी.

लागला. रडलो. बूम थोडी उचलली, दारापर्यंत —

विझला. इंजिनही गेलं. बूम दारासमोर अडकलीय. दार उघडत नाही. मागच्या काचेवर दगड लागू नये म्हणून जाळी वेल्ड केलेली. बूम हातानं खाली सोडायचा नॉब फिरवतोय, नुसताच फिरतो. वायर जोडलेलीच आहे. बघितली. जोडलेली आहे.

फोन खोलीत. डायरी खिशात होती.

२२, बहुतेक

सिद्रामप्पा आले. बाजूच्या दगडावर बसले, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर. मी जाळीवर मुठी आपटल्या. ते मालकांशी फोनवर बोलत होते — मिस्त्री न सांगता गेला, पेटी हाय, माणूस न्हाय. मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, चांगला होता हो. कुणाशी बोलायचा न्हाय.

बोलायचो. मी बोलायचो.

घाम येत नाही. एवढं ऊन, पत्रा, आणि घाम —

तारीख माहीत नाही

सीट माझ्या आकाराची झालीय. उठायचा विचार केला की वाटतं, मधेच कसं उठायचं. कच ओढायची राहिलीय. हा विचार माझा नाही. की आहे —

आईनं हाक मारली असं वाटलं. वारा होता.

तारीख नाही

माणसं आलीत. एक सिद्रामप्पा, एक नवा. माणिकप्पा म्हणतायत त्याला. ड्रायव्हर. तरणा आहे, मिशी नुकती कोरलेली. बाहेरून पाइप सैल करून बूम खाली घेतायत. तेल सांडतंय. बूम खाली येतेय.

दार उघडलं. वारा आत आला. किती दिवसांनी.

उठता येत नाही. दार उघडं आहे आणि उठता येत नाही.

माणिकप्पा फोनवर बोलतोय. सृष्टी म्हणतोय, मुलगी असेल. संध्याकाळी येतो, येताना खाऊ आणतो, आता ठेव. हसतोय. सिद्रामप्पा सांगतायत, आधी बसून बघ, दिवा लागतुय का.

तो बसला की मी उठेन. धुळाप्पा उठला तसा. मला कळतंय. अंग आत्ताच हलकं व्हायला लागलंय, खांदे सुटतायत. आणि तो संध्याकाळी —

माझा आवाज ऐकू जात नाही. पण सिद्रामप्पांनी एकदा डोळे बारीक केले होते. पूर्ण जोर लावून ओरडलो तर कदाचित. त्याला सांगायला हवं, बसू नको. पायरीवर पाय ठेवलाय त्यानं. आत वाकलाय, तोंडाला तंबाखूचा वास, माझ्या एवढा जवळ. सांगायला हवं. तोंड उघडलंय मी, पण बाहेर शब्द दुसरेच येतायत: नुसतं एकदा बस —